सर्वेक्षणाच्या छायाचित्रांचे संथ हस्तांतरण : यूएसबी जोडणीतील दोषाचे निदान

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. त्यानंतरचा सल्ला विनाविलंब द्यावा लागतो. अशा वेळी सापळ्यांची व बोंडांची छायाचित्रे संगणकावर उतरवण्यात अर्धा दिवस जात असेल, तर त्याचे कारण शोधणे हा सर्वेक्षणाचाच भाग ठरतो. ‘संगणक जुना झाला’ हे निदान बहुधा घाईचे असते.

प्रथम वेग मोजावा. एक-दोन जीबीची एकच चित्रफीत कॉपी करून सेकंदाला किती एमबी उतरतात ते पाहावे. यूएसबी २.० चा कमाल वेग ४८० मेगाबिट असतो. ८ बिट मिळून १ बाइट होत असल्याने तो ६० एमबी भरतो, आणि प्रत्यक्षात ३० ते ४० एमबीच मिळतो. यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, म्हणजे याच्या दसपटीहून अधिक आहे. मूळच्या जुन्या यूएसबीचा वेग मात्र अवघा १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम १ एमबी. १६ जीबीचे कार्ड ३५ एमबी वेगाने सुमारे ८ मिनिटांत रिकामे होते. १ एमबी वेगाने त्यालाच साडेचार तास लागतात. म्हणून वेग १ एमबीच्या आसपास खिळला असेल, तर जोडणी कोठेतरी जुन्या वेगावर घसरली आहे, असा संशय घ्यावा.

त्यानंतर प्रक्षेत्र-चाचणीप्रमाणे एका वेळी एकच घटक बदलावा. आधी हब काढून जोडणी थेट संगणकाच्या पोर्टला द्यावी. मग केबल बदलावी, कारण दोष तेथेच अनेकदा सापडतो. यूएसबी २.० च्या केबलमध्ये ४ तारा असतात, ३.० साठी ९ लागतात. चार्जरसोबत येणाऱ्या अनेक टाइप-सी केबल आकाराने नव्या असूनही आतून २.० च्याच असतात. शेवटी पोर्ट व कार्ड रीडर बदलून पाहावे. मोबाइलमध्ये कार्ड असल्यास ते काढून रीडरमध्ये घातल्याने काम पुष्कळदा लवकर उरकते.

मोठी फाइल वेगाने उतरते, पण हजारो लहान छायाचित्रे रेंगाळतात, असे दिसल्यास जोडणीला दोष देऊ नये. प्रत्येक फाइलची स्वतंत्र नोंद करण्यात वेळ जातो. पेन ड्राइव्हवर पाठवण्यापूर्वी त्यांची एक झिप फाइल करावी. पेन ड्राइव्हवर लिहिताना आरंभी वेग चांगला असून मग कोसळत असेल, तर त्यातील जलद साठवण भरलेली असते. वेगासाठी अँटिव्हायरस बंद ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. कार्यालयोकार्यालयी फिरणाऱ्या पेन ड्राइव्हबाबत तो मला मान्य नाही.

वेग वारंवार शून्यावर येत असेल आणि केबल व रीडर बदलूनही वाचनदोषाचे संदेश येत असतील, तर कार्डच निकामी होत असावे. त्यावर नवे छायाचित्र घेऊ नये, ते फॉरमॅट करू नये. ज्या भूखंडांची नोंद अन्यत्र नाही, त्यांच्या फाइल आधी उतरवाव्यात. हस्तांतरण संथ आहे म्हणून मध्येच केबल ओढू नये. फाइल ‘कट’ न करता ‘कॉपी’ कराव्यात आणि दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार जुळल्यावरच मूळ प्रती पुसाव्यात.