क्रेन आणि टोचन : एका गाडीची दोन अंगे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहावे ते कवितेवर, संतांवर. फार तर १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाला हरविले त्या आमच्या साखरखेर्ड्याच्या लढाईवर. मी मात्र अडकलेला ट्रक काढणाऱ्या गाडीवर लिहीत आहे. गुरुजनांनी क्षमा करावी. त्याला कारण घडले ते असे.

परतीच्या पावसात गावाबाहेर सोयाबीनने भरलेला एक ट्रक कड खचून काळ्या मातीत कलंडला. आधी काकांचा ट्रॅक्टर जुंपला, दोर तुटला. दुपारी हायड्रा आली. तिने ट्रक सरळ केला, आणि मग लोकांच्या आग्रहाखातर ट्रकचे तोंड हुकाला टांगून तो ओढीतच न्यायचे ठरले. दहा पावलांवर हायड्राची मागची चाके जमिनीवरून सुटली. ट्रकला हात लावून चाललेला क्लीनरचा पोरगा वेळीच बाजूला उडाला म्हणून वाचला. टोचनची गाडी दिवेलागणीला आली.

उचलणे आणि ओढून नेणे ही एकच गोष्ट आहे असे आपण समजतो. ती एक नाही. काकांच्या दुकानातली तागडी आठवावी. हायड्राच्या पुढच्या चाकांपुढे २ मीटरवर ६ टन लोंबत असतील तर उलटविणारा जोर १२. बूम ३ मीटरवर गेली की तोच १८ होतो. भार तितकाच, पण पारडे फिरले! म्हणून ट्रकवरच्या मोठ्या क्रेनला दोन्ही बाजूंस पाय पसरावे लागतात, आणि पाय टेकलेली गाडी चालू शकत नाही.

टोचनची तऱ्हा निराळी. बिघडलेल्या ट्रकचे ४ टनांचे तोंड आपल्या मागच्या चाकांच्या २.५ मीटर मागे उचलले, आणि आपल्या पुढच्या-मागच्या चाकांत ५ मीटर अंतर असले, तर पुढच्या चाकांवरचे २ टन उडून जातात. मग स्टिअरिंग फिरते, गाडी वळत नाही. यासाठी हवी लांब, पुढून जड गाडी आणि एक्सलखाली शिरणारी आखूड, बसकी भुजा. शिवाय इंजिन बंद असता गिअरबॉक्सला तेल पोचत नाही, म्हणून मागची चाके जमिनीवर ठेवून न्यायचे तर प्रोपेलर शाफ्ट आधी काढावा लागतो. एअर ब्रेकची हवा उतरलेली असेल तर स्प्रिंगचे ब्रेक धरून बसतात. त्यांना हवा द्यावी लागते. हे ज्ञान मला त्या संध्याकाळी टोचनवाल्या मिस्त्रीने चहा पिता पिता दिले.

अमेरिकेतील चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सने १९१६ साली १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिली अशी गाडी केली, तेव्हा मोटारी हलक्या होत्या. एकाच सांगाड्यावर दोन्ही कामे भागत. ओझी वाढली तशी कामे फुटली. मग प्रश्न आला, इंजिन आणि केबिन एकच ठेवून मागचे अंग बदलता येईल काय? १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलासाठी ऑशकॉश कंपनीने नेमके हेच केले. एमके ४८ या पुढच्या भागात इंजिन, केबिन आणि दोन एक्सल. त्याला सांध्याने जोडायचा मागचा भाग कामाप्रमाणे निराळा. एमके १५ जोडला की अडकलेली वाहने काढणारी गाडी, एमके १७ जोडला की क्रेन असलेली मालगाडी, एमके १६ जोडला की ट्रेलर ओढणारी.

कल्पना देखणी आहे, पण मला एक शंका येते. सैन्याजवळ कार्यशाळा असते, माणसे असतात. रस्त्यावर चुकीचे अंग जोडून पोचलात तर परत जाण्यात दिवस जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग आमच्याच सिंदखेडराजा तालुक्यातून वाहतो आहे. तेथे फिरती बूम आणि टोचनची भुजा दोन्ही कायम असलेलीच गाडी हवी, महाग पडली तरी. गावरस्त्यांसाठी मात्र एक चासी आणि दोन अंगे पुरतील, असे माझे मत आहे. अट एवढीच, की बोलावणाऱ्याने नीट सांगावे.

म्हणून काकांच्या दुकानात फोनशेजारी मी एक कागद डकविला आहे : गाडी उभी की आडवी? भरलेली की रिकामी? चाके फिरतात का? ब्रेकला हवा आहे का? काकांनी त्याखाली पेन्सिलीने पाचवा प्रश्न लिहिला : आत कोणी आहे का?