कार्ड पुसण्याआधी

घरातली छोटी रेल्वे अडली की पहिला आरोप सॉफ्टवेअरवर येतो. पडद्यावरची वेगाची पट्टी सरकवली तरी इंजिन हलत नाही, सांध्याचं बटण दाबलं तरी सांधा बदलत नाही. मग बहुतेक जण मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने टाकायला बसतात. माझं सांगणं नेमकं याच्या उलट आहे. रास्पबेरी पायसारख्या (पुढे नुसतं ‘पाय’) स्वस्त संगणकावर जेएमआरआय हे छोटी रेल्वे चालवणारं सॉफ्टवेअर वापरताना जे बिघाड छळतात, ते माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या खाली असतात. ते विजेत, वायरीत, कार्डात, पोर्टाच्या परवानगीत किंवा थेट रुळांवर सापडतात. कार्ड पुसून यातलं मूळ कारण दुरुस्त होत नाही, आणि बिघाड कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदी मात्र कायमच्या जातात.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या छंदिष्टाला हे जास्तच लागू पडतं. निपाणीला अजून खरी रेल्वे आलेली नाही. बेळगाव मिरज-लोंढा मार्गावर आहे, आणि लोंढ्यावरून कॅसलरॉक ओलांडलं की दूधसागरचा घाट लागतो. तो घाट घरच्या टेबलावर उभा करावा असं इथल्या कुणालाही वाटणं साहजिक आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेल्या मुलांना तर वाटतंच. पण डीकोडर (इंजिनात बसून संकेत वाचणारा भाग), मोटर शील्ड, चांगला ॲडॉप्टर यांतलं बरंचसं पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून कुरिअरने मागवावं लागतं. निदान चुकलं तर नको असलेली वस्तू येते, खरा दोष तसाच राहतो आणि पोराचा उत्साह ओसरतो. मला याचं वाईट वाटतं, कारण छंद सुटतो तो बिघाडामुळे कमी आणि बिघाड कळत नाही म्हणून जास्त.

कुठलं काम कोण करतं हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते. रुळांमधून इंजिनाला जाणारा डीसीसी संकेत वेळेच्या बाबतीत फार काटेकोर असतो. ‘एक’ पाठवायचा तर व्होल्टेज दर ५८ मायक्रोसेकंदांनी उलटतं, ‘शून्य’ पाठवायचा तर १०० किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांनी. हे काम पाय करतच नाही. ते करतं कमांड स्टेशन, म्हणजे आपल्याकडे बहुधा अर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड आणि त्यावर बसवलेलं मोटर शील्ड, ज्यात डीसीसी-ईएक्स हा फुकट मिळणारा प्रोग्राम असतो. जेएमआरआय त्याला यूएसबीच्या वायरीतून साध्या अक्षरांत हुकूम सोडतं, एवढंच. म्हणून पाय संथ झाला तर हुकूम उशिरा पोचेल, पण संकेत वेडावाकडा होणार नाही. याचा फायदा तपासणीत घ्यावा. जेएमआरआय बंद करा, कारण एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट उघडू शकतो. कुठल्याही सीरियल टर्मिनलमधून ११५२०० च्या वेगाने कोनी कंसात इंग्रजी ‘1’ हा आकडा, म्हणजे <1>, पाठवा. रुळांत वीज आली तर पोर्ट, वायर आणि अर्डुइनो तिन्ही शाबूत आहेत, आता वर बघा. आली नाही तर जेएमआरआयला हात लावायचं कारणच उरत नाही. पोर्ट उघडताच अर्डुइनो स्वतः नव्याने सुरू होतं, तेव्हा पहिला हुकूम पाठवण्याआधी दोन-चार सेकंद थांबा, नाहीतर तो हवेतच विरतो.

सगळ्यात जास्त वेळ विजेला द्यावा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक वायर जोडली की भार वाढताच व्होल्टेज खाली येतं. ते ४.६३ च्या आसपास उतरलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटते. पाय टेबलाखाली असेल, पडदाच नसेल, तर ती दिसणार कशी? त्यासाठी ‘व्हीसीजेनसीएमडी’ या हुकुमाला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारावं. उत्तर नुसतं शून्य असेल तर सुरू झाल्यापासून वीज कमी पडलेली नाही. शून्य-एक्स-५०००० आलं तर मधे कधीतरी पडली होती, ५०००५ आलं तर या क्षणीही पडते आहे. हा पुरावा पाय बंद केला की जातो. म्हणून आधी विचारा, मग वायर काढा. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की दिवा जेमतेम मिचकतो, आणि तेवढ्यावरून पायची वीज तुटली नसणार असं आपण समजतो. घरगुती इन्व्हर्टरवर बऱ्याचदा ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असे दोन पर्याय असतात. इकोमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दिव्याला काही होत नाही, पण स्वस्त ॲडॉप्टर दम सोडतो आणि पाय पुन्हा सुरू होतो. नेमकं त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर फाइल अर्धवट राहते. मग इंजिनांची यादी उघडत नाही, आणि बोल पुन्हा सॉफ्टवेअरला लागतो.

यावर कुणी म्हणेल, ‘पण कार्ड पुसल्यावर चालतं की!’ चालतं हे खरं. पुसताना आपण पाय बंद करतो, वायरी काढून घट्ट बसवतो, अर्डुइनो रीसेट होतं आणि बिघडलेली फाइलही जाते. यातल्या कशाने काम झालं ते कळतच नाही, आणि मूळ ॲडॉप्टर तोच असल्यामुळे पुढच्या पावसात तीच गत होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, असं मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतला कुठलाही जाणता इलेक्ट्रिशियन मशीन बंद पडल्यावर पॅनेल उपटून टाकत नाही, आधी फेज बघतो. दुसरा आक्षेप असा की पायचा नाद सोडून जुना लॅपटॉप का वापरू नये. जरूर वापरावा. जेएमआरआय जावावर चालतं, त्याला कुठलाही संगणक चालतो, आणि लॅपटॉपच्या बॅटरीमुळे वीज जाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. पण पोर्ट, परवानगी आणि रूळ यांचे दोष लॅपटॉपवरही तसेच येतात.

पोर्टाचं थोडक्यात सांगतो. लिनक्सवर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर पोर्ट दिसतो, पण उघडत नाही. गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं, आणि हेच नेमकं विसरलं जातं. दोन उपकरणं असतील तर आज शून्य क्रमांकावर असलेला पोर्ट उद्या एकवर जाऊ शकतो. स्वस्त अर्डुइनोवरच्या सीएच३४० चिपला स्वतःचा क्रमांक नसतो, म्हणून तिथे ओळख जोडणीच्या जागेवरून ठेवावी आणि वायर नेहमी त्याच भोकात लावावी. मोबाइलवरून गाडी चालवणाऱ्यांनी वेगळंच एक तपासावं. छोट्या रेल्वेच्या वायफायला इंटरनेट नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि जेएमआरआय सापडत नाही. डेटा बंद करून बघा.

रूळ हा शेवटचा दुवा. दूधसागरच्या घाटाची चढण १:३७ आहे. ती तशीच घेतली तर ३ मीटर लांबीत रूळ ८ सेंटीमीटर चढतात. चढावर इंजिन जास्त करंट ओढतं, ढिल्या जोडावर व्होल्टेज पडतं, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत काळवंडलेल्या रुळांवर चाकांचा संपर्क तुटतो. सपाटीवर गाडी नीट चालते आणि चढावर, ठरावीक जागीच, थबकते, तेव्हा सॉफ्टवेअरला विचारूच नका. घाटाच्या वरच्या टोकालाही वेगळी वायर द्या.

सॉफ्टवेअरमध्ये खरे दोष नसतातच असं मी म्हणत नाही. जेएमआरआयच्या चाचणी आवृत्त्यांत ते असतात, म्हणून रोजच्या वापराला स्थिर आवृत्तीच घ्यावी. पण हा प्रकल्प बॉब जेकबसन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला आणि स्वयंसेवकांनी सांभाळलेला आहे. त्याच्याच खटल्यात २००८ साली तिथल्या अपील न्यायालयाने मुक्त परवान्याच्या अटी कॉपीराइट कायद्याने बंधनकारक ठरू शकतात असा निकाल दिला, आणि तो जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कामी आला. अशा माणसांपुढे ‘चालत नाही’ एवढंच म्हणून जाऊ नये. ‘सेशन’ आणि ‘मेसेजेस’ या दोन नोंदींच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्या. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत वीज गेल्यावरही चालू राहणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर नोंदीतली वेळ चुकीची असते, म्हणून बिघाड कधी झाला ते हाताने वहीत लिहा. सोबत जेएमआरआय आणि जावाची आवृत्ती, कमांड स्टेशनचं नाव, थेट टर्मिनलमधून केलेल्या तपासणीचं उत्तर, आणि बिघाड दर वेळी होतो की मधूनच, एवढं कळवा.