कर्ण मोजायचा राहिला

फरशी बसवायला आलेल्या कारागिराने हॉलच्या कोपऱ्यात गुण्या लावला, उचलला, पुन्हा लावला आणि मला हाक मारली. "दादा, ही भिंत बाहेर पळतीय." दर्शनी भिंतीपासून काटकोनात दोरी ताणून त्याने मला दाखवले. 12 फुटांच्या त्या खोलीत एका टोकाला दोरी भिंतीला चिकटलेली होती आणि दुसऱ्या टोकाला मध्ये 3 इंचांची फट होती. म्हणजे कडेच्या ओळीतली प्रत्येक टाइल पाचरीसारखी कापावी लागणार, आणि तशीच पाचर घरातल्या प्रत्येक खोलीत निघणार.

संध्याकाळी आम्ही दोघे टेप घेऊन गच्चीवर गेलो. घर 30 बाय 40 फुटांचे. चारही बाजू मोजल्या, चारही बरोबर. मग तो म्हणाला, "आता कोनाकोनी धरा." 30 आणि 40 फूट बाजूंच्या आयताचा कर्ण बरोबर 50 फूट भरतो. आमच्या घराचा एक कर्ण 50 फूट 6 इंच भरला आणि दुसरा 49 फूट 6 इंच. घर मागच्या बाजूला 10 इंच कलले होते. बारा कॉलम, बीम, स्लॅब, भिंती, गिलावा हे सगळे त्या कललेल्या चौकटीवर उभे राहून झाले होते. आता त्यात काहीही करता येणार नव्हते.

कराडजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या दोन गुंठ्यांत हे घर मी बांधले. मी नोकरीसाठी पुण्यात, अण्णा आणि आई गावी. भूमिपूजनाच्या दिवशी लाइनआउट व्हायचे ठरले होते. पाहुणे जमले, पूजेला वेळ लागला, नंतर जेवणाची पंगत. त्या गडबडीतही इंजिनिअरांनी आखणी नीट केली होती, हे आज मी खात्रीने सांगतो. चुकले ते त्यानंतर. कोपऱ्यांवर नुसत्या लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांच्यामधून फक्कीच्या रेघा मारल्या आणि सगळे पांगले. त्या खुंट्या खड्ड्यांच्या जागेतच होत्या.

तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. काळ्या मातीत खड्ड्यांच्या कडा ढासळल्या आणि खुंट्या मातीबरोबर गेल्या. मिस्त्रींनी फोन केला, "लाइन परत मारून घेतो." मी "बरं" म्हणालो. त्यांनी फोटो पाठवले. पांढऱ्याशुभ्र रेघा, ताणलेली दोरी. मला ते छान दिसले. इंजिनिअरांना कळवायचे मला सुचले नाही आणि त्यांनाही कुणी बोलावले नाही. नंतर ते आले तेव्हा त्यांनी मुरूम लागला का, खोली पुरेशी आहे का, सळ्या किती जाडीच्या आहेत, एवढे पाहिले. कॉलम कुठे उभा आहे, हे त्यांनीही गृहीत धरले आणि मीही.

मिस्त्रींनी पुढची बाजू रस्त्याला समांतर धरली आणि 40 फुटांच्या बाजू शेजाऱ्यांच्या कंपाउंडला समांतर. दिसायला सरळ हिशेब. पण ते कंपाउंड हद्दीवर नव्हतेच. मागे हद्दीलगत लिंबाचे मोठे झाड आहे. ते वाचावे म्हणून शेजाऱ्यांनी पूर्वीच भिंत तिरकी, आपल्याच जागेत आत घेऊन बांधली होती. तिच्या मागोमाग आमचे घरही तिरके गेले. मंजूर नकाशात त्या बाजूला दीड मीटरचे सामासिक अंतर होते. मागच्या कोपऱ्यात प्रत्यक्षात सव्वा मीटर उरले. शेजारी समजूतदार म्हणून वाद झाला नाही. पण भोगवट्याच्या कागदांसाठी फेऱ्या मारताना हाच पाव मीटर प्रत्येक टेबलावर माझ्यासमोर येत राहिला.

चारही बाजू बरोबर असून घर तिरके कसे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. मी त्यांना सैल झालेली बाज आठवायला सांगतो. एका कोपऱ्याला रेटले की तिची चौकट कलते. गात किंवा उपळे यांची लांबी कणभरही बदलत नाही, बदलतात फक्त दोन कर्ण. एक लांबतो, दुसरा आखडतो. म्हणून बाजूंच्या मापांवर कधीही समाधान मानू नका. उलट, नुसते कर्ण सारखे आले म्हणूनही थांबू नका, कारण एक बाजू आखूड आणि समोरची लांब असली तरी दोन कर्ण सारखे येऊ शकतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच चौकट काटकोनात आहे.

हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. यज्ञवेदीची जमिनीवर आखणी करण्यासाठी रचलेल्या सूत्रांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाने आयताच्या कर्णाचा नियम सांगितला तो दोरी आणि खुंट्या हाताशी धरूनच. आमच्या खड्ड्यांपाशीही दोरी आणि खुंट्याच होत्या. नियम वापरायला दहा मिनिटे लागली असती.

घर बांधायला निघालेल्या कुणाशीही बोलताना मी आधी हे सांगतो, की लाइनआउटला वेगळा दिवस द्या. भूमिपूजनाच्या मुहूर्ताशी त्याची सांगड घालू नका. पूजेसाठी एक कुदळ मारली तरी पुरते. आखणीला शांतता लागते, सकाळचा वेळ लागतो, आणि इंजिनिअर, मिस्त्री व घरातले एक माणूस अशी तिघे शेवटपर्यंत तिथे लागतात. त्याआधी जागेची मोजणी झालेली असावी आणि हद्दीच्या खुणा डोळ्यांसमोर असाव्यात. पहिली रेघ, जिच्यावरून बाकी सगळे ठरते, ती मोजलेल्या हद्दीवरूनच घ्या. शेजारचे कंपाउंड, तारेचे कुंपण, बांध, रस्त्याची कड यांपैकी कशालाही हद्द समजू नका. वास्तूच्या दिशेसाठी घर हद्दीशी थोडे फिरवायचे असेल तर तो कोन नकाशातच ठरवून घ्या. सळ्यांच्या ढिगाशेजारी किंवा गाडीजवळ उभे राहून फोनमधले होकायंत्र पाहिले तर ते लोखंडामुळे चुकते.

काटकोन काढताना 3-4-5 सगळ्यांना माहीत असते, पण तीन-चार फुटांच्या त्रिकोणात अर्ध्या सुताची चूक 40 फुटांवर पोचेपर्यंत वाढते. त्रिकोण जागेत मावेल तेवढा मोठा घ्या. 9-12-15 किंवा 12-16-20. आणि आदल्या रात्रीच घराचा कर्ण काढून कागदावर लिहून ठेवा. समजा घर 28 बाय 36 आहे. 28 चा वर्ग 784, 36 चा 1296, बेरीज 2080, वर्गमूळ 45.607. म्हणजे 45 फूट सव्वासात इंच. फोनवर हे मिनिटात होते. साइटवर तेवढेच माप भरले पाहिजे, आणि दोन्हीकडे भरले पाहिजे.

टेप स्टीलचा घ्या, कापडी टेप ताणतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच एक टेप वापरा. पुढचे टोक झिजले असेल तर 1 फुटाच्या रेघेपासून मोजा आणि तो फूट वजा करायला विसरू नका. टेप जमिनीला टेकवून धरू नका, आडवा धरा आणि टोकाला ओळंबा सोडा. 40 फुटांत 3 फूट उतार असेल तर जमिनीवरून मोजलेली बाजू सव्वा इंचाहून जास्त आखूड पडते. खोल्यांची मापे एकीला एक जोडत जाऊ नका. सगळे कॉलम एकाच कोपऱ्यापासून सलग मापाने आखा, नाहीतर प्रत्येक वेळची थोडी थोडी चूक शेवटच्या कॉलमवर जमा होते. नकाशातले माप कॉलमच्या मध्यापासून आहे की बाहेरच्या कडेपासून, हे दोरी बांधण्याआधी मिस्त्रींच्या तोंडून ऐका. 9 इंचांच्या कॉलममध्ये या एका गैरसमजाने साडेचार इंचांचा फरक पडतो.

आणि बुर्जी. माझ्या घराचे सगळे नुकसान बुर्जी न बांधल्यामुळे झाले, म्हणून हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो. खुंटी ही तात्पुरती खूण असते. खड्ड्यांच्या बाहेर तीन-चार फूट अंतरावर, प्रत्येक मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना विटांच्या किंवा काँक्रीटच्या छोट्या बुर्ज्या बांधा, वर सिमेंट गुळगुळीत करून मध्यरेषेवर खिळा बसवा. एका बुर्जीवर जोत्याच्या पातळीची खूणही करून ठेवा, पाण्याच्या नळीत बुडबुडा राहिलेला नाही हे पाहून. मग खड्डे ढासळले, पाऊस आला, तरी खिळ्यांवर दोऱ्या ताणल्या की घर जसेच्या तसे परत सापडते. जेसीबीच्या चालकाला त्या बुर्ज्या स्वतः फिरून दाखवा.

कर्ण तीनदा मोजायचा. फक्की मारल्यावर, खड्ड्यांत पीसीसी म्हणजे तळाचे साधे काँक्रीट झाल्यावर कॉलमच्या खुणा करताना, आणि जोत्याच्या वेळी. पहिल्या वेळी चूक सापडली तर रेघ पुसायची, इतकेच. पीसीसीवर सापडली तर खूण सरकवता येते. जोत्यापाशी सापडली तर तोडफोड आहे, पण घर वाचते. परवानगीच्या अटींत जोते तपासणी असेल तर ती कागदापुरती उरकू नका.

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या घराचे लाइनआउट होते. मुहूर्त रविवारचा, आखणी आम्ही शुक्रवारीच घेतली. अण्णाही खुर्ची टाकून बसले होते. पहिल्यांदा मोजले तेव्हा कर्णांत पाऊण इंचाचा फरक आला. मिस्त्री म्हणाले, "एवढं चालतं, दादा." मी काही बोलायच्या आधी अण्णा म्हणाले, "काढा ती खुंटी." मिस्त्रींनी मागची खुंटी काढून किंचित सरकवून ठोकली, आम्ही बाजू पुन्हा भरल्या, कर्ण पुन्हा धरले. चौथ्या वेळी दोन्ही सारखे आले. मग बुर्ज्यांसाठी विटा उतरवायला ट्रॉली मागे घेतली.