अंगण आधी जमिनीवर आखा

प्रश्न : आमच्या पुनर्वसन वसाहतीच्या मधल्या जागेत बाग करणार म्हणतात. आम्ही काय सांगावं? – एक वाचक, खालापूर

उत्तर : ताई, बागेआधी भाताचं सांगा. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीसाठी सिडकोनं चौकजवळ ४४ घरं बांधली. घर पक्कं मिळतं. भात वाळवायचं, लग्नाचा मांडव घालायचं अंगण मात्र नकाशात आपोआप येत नाही. ते मागावं लागतं. इंजिनिअर यायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फक्कीनं आखा: खळं इथं, मांडव इथं, म्हाताऱ्यांचा पार इथं. बायकांची पाण्याची वाट मोकळी ठेवा. पोरांनाही विचारा, पावसात पाणी कुठं साचतं ते त्यांनाच नेमकं ठाऊक. फोटो काढून अर्जाला जोडा. आणि पेव्हर ब्लॉक सगळीकडे बसवू देऊ नका. आंब्या-जांभळाला माती लागते.