डर्वेंटच्या खोऱ्यांतील जलाशय व पायवाटा

नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें, एवढें ज्ञान आपल्यापैकीं बहुतेकांस पुरेसें वाटतें. तें पाणी कोठें सांठलें होतें, तेथें येण्यापूर्वीं तें कशांतून झिरपलें, आणि तें सांठविण्यासाठीं कोणास काय सोडावें लागलें, हे प्रश्न तोटीपाशीं सुचत नाहींत. जलाशयाच्या कांठानें पायीं चालतांना ते आपोआप सुचतात. म्हणून या लेखांत आम्ही वाचकांस इंग्लंडांतील एका खोऱ्यांतून चालवीत नेणार आहों. नकाशा जवळ असल्यास तो उघडून ठेवावा.

उत्तर इंग्लंडांतून पेनाइन नांवाची डोंगरांची रांग दक्षिणोत्तर गेली आहे. तिच्या दक्षिण टोकास जो डोंगराळ मुलूख आहे, त्यास पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. पश्चिमेस मँचेस्टर, पूर्वेस शेफील्ड, हीं कारखान्यांचीं मोठीं शहरें, आणि मध्यें हा उंच, ओसाड प्रदेश. ‘पीक’ या शब्दावरून कोणी येथें सुळके शोधूं लागेल तर त्याची निराशा होईल; किंडर स्काउट हें येथील सर्वांत उंच ठिकाण ६३६ मीटर उंच असून त्याचा माथा सपाट आहे. अशा वृक्षहीन, वाऱ्यानें झोडपलेल्या, ओलसर माळास इंग्रज लोक मूर म्हणतात. आपल्याकडील माळरान उन्हाळ्यांत कोरडें ठणठणीत पडतें. मुरावर मात्र बहुधा बारा महिने पाऊल ओलें होतें.

याचें कारण तेथील जमिनींत आहे. मुरावर पीट नांवाचा काळसर, स्पंजासारखा थर असतो. हवा थंड व पावसाळी असल्यामुळें मेलेलें शेवाळ व गवत पुरतें कुजत नाहीं. तें थरावर थर सांचत जातें. हा थर वर्षास सुमारें एक मिलिमीटर इतक्या मंद गतीनें वाढतो. तेव्हां दोन मीटर जाडीचें पीट तयार होण्यास किती वर्षें लागलीं असतील, तें विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें. स्फॅग्नम जातीचें शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या अनेक पटींनीं पाणी धरून ठेवतें. तें दाट असेल तेथें पावसाचें पाणी अडखळत, सावकाश ओढ्यांत उतरतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत भोंवतालच्या गिरण्यांच्या व भट्ट्यांच्या धुरानें पुष्कळ ठिकाणीं हें शेवाळ मेलें, पीट उघडें पडलें, व त्यांत घळी पडल्या. वाहून आलेलें पीट जलाशयांत बसतें व पाण्यास तपकिरी रंग आणतें. इ. स. २००३ पासून त्या घळींना बांध घालण्याचें व शेवाळ पुन्हां लावण्याचें मोठें काम तेथें चाललें आहे. डोंगरमाथ्यावरील क्षुद्र शेवाळ मेलें तर खालच्या शहरास त्याची किंमत द्यावी लागते, हा या खोऱ्याचा पहिला धडा होय.

ब्लीकलो नांवाच्या अशाच एका मुरावर डर्वेंट नदी उगम पावते व दक्षिणेकडे वाहते. खोरें अरुंद व खोल, पाऊस विपुल, वस्ती विरळ. धरणास याहून सोयीची जागा कोणती? इ. स. १८९९ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झालें, व डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि शेफील्ड या शहरांस पाणी पुरविण्याची योजना त्यानें हातीं घेतली. प्रथम वरच्या बाजूस हाउडन (१९०१ ते १९१२) व त्याच्या खालीं डर्वेंट (१९०२ ते १९१६) हीं दगडी धरणें झालीं. शहरांची तहान वाढली, तेव्हां १९३५ ते १९४३ या काळांत आणखी खालीं लेडीबॉवर हें मातीचें धरण घालण्यांत आलें. त्याचें उद्घाटन २५ सप्टेंबर १९४५ रोजीं राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्तें झालें.

आतां चालूं लागूं. डर्वेंट धरणाच्या पायथ्याशीं फेअरहोम्स नांवाची जागा आहे. पायीं हिंडणारे बहुधा येथूनच निघतात. पश्चिम कांठानें वर जावें, हाउडन जलाशयाच्या माथ्यापलीकडे नदीवरील पूल ओलांडावा, व पूर्व कांठानें परत यावें. वरच्या दोन जलाशयांची ही प्रदक्षिणा दहा-अकरा मैलांची होते. चढ फार नाहीं, परंतु सकाळीं लवकर निघालेलें बरें. आरंभींच डर्वेंट धरणाची भिंत समोर येते. ती सुमारें ११४ फूट उंच असून तिच्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे दोन मनोरे आहेत. तलाव तुडुंब भरला म्हणजे पाणी भिंतीवरून पांढऱ्या पडद्यासारखें खालीं कोसळतें.

भिंतीच्या पश्चिम टोकाजवळ एक लहानशी स्मारकशिला आहे, ती एका कुत्रीची. डिसेंबर १९५३ मध्यें जोसेफ टॅग हे वृद्ध मेंढपाळ आपल्या टिप नांवाच्या कुत्रीसह हाउडनच्या मुरावर गेले, ते परत आलेच नाहींत. पुष्कळ शोध झाला, पण व्यर्थ. पंधरा आठवड्यांनीं त्यांचा देह सांपडला, तेव्हां अस्थिपंजर झालेली टिप त्यांच्याजवळच होती. तिच्या इमानाचें कौतुक करावें तितकें थोडें. पण ज्याचा जन्म या डोंगरांत गेला त्याचीही मुराशीं गांठ अशी पडते, हें नवख्यानें विसरूं नये. धुकें येथें पाहतां पाहतां उतरतें. म्हणून मुरावर चढणाऱ्यानें नकाशा, होकायंत्र, गरम कपडे व शिदोरी घेतल्याशिवाय आणि आपली वाट घरीं सांगितल्याशिवाय पाऊल उचलूं नये.

याच कांठानें पुढें गेल्यावर झाडींत कांहीं जोतीं व पायऱ्या दिसतात. येथें धरणाच्या मजुरांसाठीं बर्चिनली नांवाचें गांव वसविलें होतें. घरें नालीदार पत्र्यांचीं, म्हणून लोक त्यास ‘पत्र्याचें गांव’ म्हणत. भरभराटीच्या दिवसांत तेथें सुमारें नऊशें माणसें राहत. शाळा, इस्पितळ, पोस्ट, दुकानें, करमणुकीचें सभागृह, सर्व कांहीं होतें. धरणांचा दगड ग्रिंडलफर्डजवळच्या बोल हिल खाणींतून आगगाडीनें येई. काम संपलें, घरें उकलून नेलीं, आणि ज्यांनीं शहरांच्या तहानेची सोय केली ते मजूर कोठें कोठें पांगले. मनोऱ्यांचें छायाचित्र सर्वच घेतात. या जोत्यांपाशींही क्षणभर थांबावें असें आम्ही सुचवितों.

हाउडन जलाशय मागें टाकल्यावर स्लिपरी स्टोन्स या ठिकाणीं एक जुना, अरुंद दगडी पूल लागतो. लादलेलीं तट्टें ज्यावरून जात, असा तो सतराव्या शतकांतला पूल आहे. पण तो मूळचा येथला नव्हे. तो खालीं डर्वेंट गांवांत होता. लेडीबॉवरच्या पाण्याखालीं जाऊं नये म्हणून त्याचे दगड सुटे करून ठेवले, व १९५९ मध्यें तो येथें पुन्हां उभा केला. पूल वांचला, गांव वांचलें नाहीं.

तें गांव कोठें होतें, हें पाहण्यास पूर्व कांठानें फेअरहोम्सच्या खालीं लेडीबॉवरच्या कांठापर्यंत यावें. डर्वेंट व अॅशप्टन हीं दोन गांवें या पाण्याखालीं आहेत. डर्वेंटच्या चर्चमध्यें शेवटची उपासना मार्च १९४३ मध्यें झाली. स्मशानांतील प्रेतें उकरून बॅमफर्ड गांवीं पुन्हां पुरण्यांत आलीं. चर्चचा मनोरा तेवढा स्मारक म्हणून ठेवला होता. पाणी उतरलें कीं तो वर डोकावे. परंतु लोक त्याकडे जाऊं लागले, त्यांत धोका होता, म्हणून १५ डिसेंबर १९४७ रोजीं तोही सुरुंगानें पाडला. १९७६, १९९५ व २०१८ या कोरड्या वर्षीं भिंतींचे अवशेष उघडे पडले, तेव्हां ते पाहण्यास लोकांची गर्दी झाली. चार शहरांच्या लक्षावधि मुलांस शुद्ध पाणी मिळालें, हें मोठें पुण्यकर्म खरें. पण त्यासाठीं थोड्या घरांनीं आपलें सर्वस्व दिलें, हेंही तितकेंच खरें. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ सालीं झालेल्या सत्याग्रहाचा इतिहास ज्या महाराष्ट्रीय वाचकांनीं वाचला आहे, त्यांस हें निराळें सांगणें नको.

आणखी एक प्रश्न उरतो: या वाटांनीं चालण्याचा हक्क कोणी दिला? पूर्वीं हे मूर जमीनदारांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलेले असत, आणि माणसांच्या वावरानें पाणी बिघडेल या भीतीनें पाणीपुरवठ्याचे अधिकारीही लोकांस दूर ठेवीत. किंडर स्काउटच्या पश्चिमेस स्टॉकपोर्ट शहरासाठीं बांधलेला किंडर जलाशय आहे. २४ एप्रिल १९३२ रोजीं शेंकडों तरुण कामकरी हेफील्ड गांवाहून निघून या जलाशयाच्या बाजूनें वर मनाई असलेल्या मुरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. शिकाररक्षकांशीं झटापट झाली, व पांच जणांस तुरुंगवास भोगावा लागला. पण लोकमत जागें झालें. १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्यें पीक डिस्ट्रिक्ट हें ब्रिटनचें पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरलें. आणि २००० सालच्या कायद्यानें मुरांवर पायीं हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मान्य झाला.

हक्कामागून कर्तव्य येतेंच. वाटेवरील फाटक उघडल्यास लावावें, मेंढ्यांच्या प्रदेशांत कुत्रें दोरीनें बांधून न्यावें, कोरड्या दिवसांत मुरावर विस्तव पेटवूं नये. कारण पीट एकदां पेटलें कीं आंतल्या आंत दिवसेंदिवस धुमसत राहतें. जलाशयांत पोहण्याचा मोह तर कधींच धरूं नये; पाणी शांत दिसलें तरी तें खोल व अतिशय थंड असतें.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस एक अभ्यास देतों, व त्यांच्या आईवडिलांस त्यांत साह्य करण्याची विनंति करितों. आपल्या घरच्या नळाचें पाणी कोणत्या तलावांतून येतें, तें प्रथम विचारून घ्यावें. मग सुटीच्या दिवशीं, जेथें जाण्यास परवानगी असेल तेथपर्यंत, वडील माणसांबरोबर त्याच्या कांठानें चालावें. पाणी कोणत्या डोंगरावरून उतरतें, तेथें पूर्वीं कोणतें गांव होतें, तेथील माणसें आतां कोठें आहेत, हें तेथल्या एखाद्या वृद्धास नम्रपणें विचारून वहींत लिहावें. ज्यानें एवढें केलें, त्याच्या हातून नळाची तोटी उघडी राहणार नाहीं.