शेणकिड्याची नवी जाती कशी ठरते?

पावसाळ्याच्या आरंभी गुरांच्या शेणाखाली काळे-तपकिरी किडे माती उकरताना दिसतात. शेण जमिनीत नेऊन ते आपल्या अळ्यांची शिदोरी साठवितात आणि नकळत भूमीस खत देतात. प्राणिशास्त्रात यांच्या कुलास ‘स्कॅराबिडी’ म्हणतात. शृंगिकेच्या टोकाशी पंख्याप्रमाणे उघडमीट करणाऱ्या पाकळ्या ही या कुलाची खूण होय. या कुलात आजही नव्या जातींची भर पडत आहे. पण एखादी जाती ‘नवी’ आहे हे कसे ठरते, याचा आपण विचार करू.

किडा सापडला म्हणजे जाती सापडली असे नव्हे. प्रथम नमुना उजव्या पंखकवचातून टाचणी टोचून ठेवतात. त्याच टाचणीस स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवाचून नमुना मुका. मग लांबी, शिंगे, पायांवरील दाते, पंखकवचावरील रेषा आणि नराच्या जननेंद्रियाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती जुन्या वर्णनांशी व संग्रहालयांतील नमुन्यांशी ताडतात. एकाच जातीत धष्टपुष्ट नराचे शिंग मोठे, तर खुरट्या नराचे लहान असते. म्हणून केवळ शिंगावर विसंबून चालत नाही. फरक निश्चित झाला, की वर्णन प्रसिद्ध करतात. लिनिअसने १७५८ साली प्राण्यांसाठी सर्वत्र योजिलेल्या पद्धतीप्रमाणे जातीस दोन शब्दांचे नाव मिळते. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून जपून ठेवतात. पुढे वाद उद्भवल्यास निवाडा त्याच्यापाशी होतो.

नवी जाती दुर्गम अरण्यातच सापडते असे नाही. ती जुन्या नावाखालीही दडलेली असते. लिनिअसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ साली एका शेणकिड्यास ‘बोनासस’ आणि १७८७ साली दुसऱ्यास ‘गॅझेला’ हे नाव दिले. पुढे आफ्रिकेपासून भारतापर्यंतचे असे किडे दीर्घकाळ ‘गॅझेला’ या एकाच नावाने ओळखले जात. २०१७ साली जेनिये व मोरेतो या संशोधकांनी ते नमुने नव्याने तपासले, तेव्हा आफ्रिकेतच अनेक जाती निघाल्या.

हा केवळ नावांचा खेळ आहे काय? ऑस्ट्रेलियातील मूळचे शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. त्यामुळे बाहेरून आणलेल्या गुरांचे शेण कुरणांत तसेच पडून राही व त्यात माश्यांची पैदास होई. जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या पुढाकाराने तेथे परदेशी शेणकिडे सोडण्यात आले. १९६८ साली सोडलेल्यांत ‘गॅझेला’ होता. पुढे एकंदर ४३ जाती आणल्या, त्यांपैकी २३ स्थिरावल्या. प्रत्येक जातीचे हवामान, ऋतू व माती निरनिराळी असते. म्हणून ओळख चुकली, तर वर्षांचे श्रम व्यर्थ जाण्याचा धोका असतो.

विद्यार्थिमित्रहो, निरीक्षण करताना स्थळ व दिनांक वहीत अवश्य टिपावा. शास्त्राची पहिली पायरी एवढीच आहे, आणि ती आपणा सर्वांच्या आवाक्यातील आहे.