लोकानुनय, सरकारचा पसारा आणि तंजावरचे टी. माधवराव

छात्रमित्रांनो, नागरिकशास्त्राच्या तासाला एक प्रश्न हमखास निघतो : सरकार मोठे असावे की लहान? अमेरिकेत या प्रश्नावर कित्येक निवडणुका लढल्या गेल्या. महामंदीच्या काळात, १९३३ पासून, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सरकारी कामे काढून बेकारांना रोजगार दिला आणि १९३५ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला. १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी उलट भूमिका घेतली. सरकार हेच अडचणीचे मूळ आहे असे सांगून त्यांनी कर कमी केले. मात्र संरक्षणाचा खर्च वाढत गेला आणि राष्ट्रीय कर्जही वाढले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा उरलाच.

हा प्रश्न समजून घ्यायला आपल्याच भाषेतला एक माणूस उपयोगी पडतो : तंजावरचे राजा सर टी. माधवराव. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर.

तंजावर ते त्रिवेंद्रम

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. १७९९ मध्ये प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले राजेपणही संपवले. मराठी घराणी मात्र कावेरीकाठी राहिली आणि लेखणी व हिशेब या बळावर इतर दरबारांत नावारूपाला आली. माधवरावांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमला अशाच घराण्यात झाला. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासला शिक्षण घेऊन १८४९ मध्ये माधवराव त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५७ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच, दिवाण झाले.

वेळ कठीण होती. संस्थानावर कर्ज होते. कारभार सुधारला नाही तर संस्थान ताब्यात घेऊ, अशी ताकीद कंपनी सरकारने दिली होती. असे शब्द पोकळ नसतात, हे तंजावरच्या माणसाला सांगावे लागत नव्हते. म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली नाही, तर राज्यच जाणार होते.

सरकारने काय सोडले

त्रावणकोरात मिरीचा मक्ता सरकारकडे होता. शेतकऱ्याने मिरी सरकारलाच, सरकार ठरवेल त्या भावाने द्यायची, आणि सरकारने ती चढ्या भावाने विकायची. वरवर पाहता ही खात्रीची मिळकत. पण भाव पडता मिळाला की शेतकरी लागवड वाढवत नाही, चोरटा व्यापार फोफावतो आणि तो रोखण्यासाठी पहारेकरी नेमावे लागतात. माधवरावांनी १८६० मध्ये हा मक्ता मोडला. शेतकऱ्याला मिरी कोणालाही विकण्याची मोकळीक मिळाली आणि सरकारने निर्यातीवर जकात घेतली. १८६३ मध्ये तंबाखूचा मक्ताही गेला व त्याजागी आयात जकात आली. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि कोचीन यांच्याशी करार होऊन आपसातल्या व्यापारावरचे अडथळे दूर झाले.

इथे एक गोष्ट नीट पाहा. त्यांनी मक्ता सोडला, पण तिजोरी उघडी टाकली नाही. एक उत्पन्न बंद करताना त्याच्या जागी कमी जाचाचे दुसरे उत्पन्न उभे केले. करमाफीची घोषणा आणि करसुधारणा यांत फरक आहे तो हाच.

सरकारने काय हाती घेतले

याच काळात सरकारचा पसारा दुसऱ्या बाजूने वाढला. रस्ते, पूल व कालवे यांसाठी बांधकाम खाते उभे राहिले, शाळा वाढल्या. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकीहक्क मिळाला. जमीन विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. ज्याची जमीन त्याचीच राहणार असा भरवसा आला, की माणूस तिच्यात विहीर खणतो, झाडे लावतो.

१८७२ मध्ये माधवरावांनी पद सोडले तेव्हा संस्थानाचे कर्ज फिटलेले होते. मग सरकार लहान झाले की मोठे? व्यापारात ते लहान झाले. रस्ते, शिक्षण यांत मोठे झाले. जे काम व्यापारी आणि शेतकरी अधिक चांगले करतात ते त्यांच्यावर सोडले, आणि जे एकट्यादुकट्याला झेपत नाही ते सरकारने उचलले.

बडोद्याचा धडा

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. त्यांच्या काळात बडोद्यात सोन्याच्या तोफा घडवल्या गेल्या होत्या. सोन्याच्या तोफेने लढाई जिंकता येत नाही, हे तुम्हा छात्रांना सांगायला नको. बाल सयाजीरावांच्या वतीने कारभार पाहायला माधवराव दिवाण म्हणून आले. तिथे इजाऱ्याची पद्धत होती : ठरावीक रक्कम सरकारात भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करायचे. इजारदाराचा फायदा रयतेला पिळण्यातच असे. माधवरावांनी ती पद्धत बंद करून वसुली सरकारी अंमलदारांकडे दिली. म्हणजे त्रावणकोरात त्यांनी सरकारला बाजारातून बाहेर काढले, तर बडोद्यात सरकारचे काम ठेकेदारांकडून काढून परत सरकारकडे आणले. रोग वेगळा म्हणून औषध वेगळे. तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली.

हिशेबात न दिसणारी बाजू

माधवराव दिवाण असतानाच त्रावणकोरात नाडार स्त्रियांच्या वरच्या वस्त्राचा वाद पेटला. उच्चवर्णीय स्त्रियांसारखे अंग झाकण्याची त्यांना मनाई होती. दंगे झाले, मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दबाव आणला, तेव्हा १८५९ मध्ये मुभा मिळाली. तीही उच्चवर्णीयांसारखी पद्धत नको, या अटीवर. तिजोरी सावरणाऱ्या कारभाराला ही दाद वेळेवर देता आली नाही. जिथे सामान्यांना मत नसते, तिथे चोख हिशेबाखालीही अन्याय दडून राहतो.

म्हणूनच लोकानुनय हा शब्द केवळ शिवीसारखा वापरू नये. अमेरिकेत १८९२ मध्ये कर्ज आणि रेल्वेचे दर यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी ‘पीपल्स पार्टी’ काढली. ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव त्यांचेच. चांदीची नाणी हवी तेवढी पाडून महागाई आणावी, म्हणजे कर्ज हलके होईल, ही त्यांची मागणी १८९६ च्या निवडणुकीत हरली. पण मिळकतीनुसार प्राप्तिकर आणि सेनेटरांची थेट निवडणूक या मागण्यांना पुढे १९१३ च्या घटनादुरुस्त्यांनी वाट मिळाली. आपल्याकडे तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना वाढवली, तेव्हा पैशाची उधळपट्टी अशी टीका झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या सरकारी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. निवडणुकीतल्या मोफत वस्तूंचा वाद मात्र तामिळनाडूतूनच त्याच न्यायालयापुढे गेला, २०१३ मध्ये त्यावर निकालही आला, पण तो आजही मिटलेला नाही.

तीन प्रश्न

कोणतीही लोकप्रिय घोषणा ऐकली की तीन प्रश्न विचारा. पैसा कोठून येणार : आजच्या करातून, की उद्याच्या कर्जातून? हे काम सरकारनेच करायला हवे का? आणि ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याला यातून काय मिळणार? पहिले दोन प्रश्न माधवरावांच्या कारभारातून शिकावेत, तिसरा त्यांच्या कारभारातल्या उणिवेतून.

अठराव्या वर्षी तुम्ही मतदार व्हाल. तुमच्यापैकी काही जण पुढे पलटणीचे भांडार आणि मेसचा जमाखर्च सांभाळतील. दोन्ही ठिकाणी पैसा दुसऱ्याचा असेल आणि सही तुमची.

स्वाध्याय

१. मिरीचा मक्ता मोडून निर्यात जकात बसवल्याने शेतकरी, व्यापारी आणि सरकार यांना काय मिळाले?
२. माधवरावांनी त्रावणकोरात सरकारचा हात आखडला, पण बडोद्यात वसुली सरकारकडे घेतली. यात विसंगती आहे का? कारणे द्या.
३. तुमच्या गावातली एक सरकारी योजना निवडा आणि तिला वरील तीन प्रश्न लावून पाहा. घरच्या मोठ्यांशी चर्चा करून उत्तर लिहा.